जेतेपद मिळवून मोडलेला संघ

आदिलाबादहून हैदराबादकडे निघालं की इचोडा मागे पडतं आणि निर्मलचा घाट सुरू होण्याआधी नेरडीगोंडा लागतं. कुंटाला धबधब्याकडे जाणारे लोक इथूनच आत वळतात. गावातून जाणारा रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ७, आताचा ४४. हाच रस्ता उत्तरेला नागपूरच्या अलीकडे जामठ्याच्या क्रिकेट मैदानाजवळून जातो आणि दक्षिणेला हैदराबादेत पोचतो. नेरडीगोंड्याहून दोन्हीकडचं अंतर जवळपास सारखंच, अडीचशे किलोमीटरच्या घरातलं. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत या पट्ट्याचा म्हणून एक क्रिकेट संघ होता, त्याचं नाव डेक्कन चार्जर्स. त्याने आयपीएलच्या दुसऱ्याच हंगामात जेतेपद मिळवलं आणि त्यानंतर साडेतीन वर्षं पुरी व्हायच्या आत तो मोडीत निघाला. मधल्या एका उन्हाळ्यात त्याचं घर या रस्त्याच्या दक्षिण टोकाहून उठून थेट उत्तर टोकाला, नागपुरात आलं होतं.

इतका यशस्वी संघ बंद कसा पडतो, हे नीट समजून घ्यायचं तर धावफलक बाजूला ठेवून करारापासून सुरुवात करावी लागते. खेळात वाईट कामगिरी केली म्हणून आयपीएलमधला संघ बंद होत नाही, तशी तिथे सोयच नाही. शेवटच्या क्रमांकावर आलेला संघसुद्धा पुढच्या वर्षी पुन्हा खेळतो. संघ बंद पडतो तो पैशाच्या आणि कागदाच्या कारणाने.

आपल्याकडे प्रदेशाचा संघ म्हटलं की आधी रणजी करंडकाचा संघ डोळ्यांसमोर येतो. हैदराबादचा रणजी संघ १९३४-३५ पासून खेळतो आहे, त्याने १९३७-३८ आणि १९८६-८७ मध्ये करंडक जिंकला. तो चालवते हैदराबाद क्रिकेट असोसिएशन. तिचे पदाधिकारी बदलतात, भांडणं होतात, कज्जे कोर्टात जातात, पण संघ राहतो, कारण त्याचा कुणी मालक नाही आणि तो कुणाकडे गहाण टाकता येत नाही. आयपीएलचा संघ या जातीचा नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने, म्हणजे बीसीसीआयने, २४ जानेवारी २००८ रोजी मुंबईत आठ शहरांचे हक्क बोली लावून विकले. मुंबईला सर्वांत जास्त, ११ कोटी १९ लाख डॉलर मिळाले. त्याच्या खालोखाल बेंगळुरू आणि तिसरं हैदराबाद. हैदराबादसाठी डेक्कन क्रॉनिकल होल्डिंग्ज या कंपनीने १० कोटी ७० लाख डॉलरची बोली लावली. डेक्कन क्रॉनिकल हे हैदराबादचं जुनं इंग्रजी दैनिक, त्याची ही कंपनी. संघाला नाव देताना तिने शहर वगळून दख्खन घेतलं. बोधचिन्ह म्हणून चाल करून येणारा बैल आला.

ही रक्कम एकदम भरायची नव्हती. दहा वर्षांत, दरवर्षी सारख्या हप्त्याने भरायची होती. म्हणजे वर्षाला सुमारे १ कोटी ७ लाख डॉलर, आणि तेव्हाच्या दराने साधारण ४२ कोटी रुपये. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे. दहा वर्षांनंतर हप्ता बंद होऊन त्या जागी संघाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा मंडळाला द्यायचा, अशी रचना होती. म्हणजे पहिली दहा वर्षं कशीबशी तग धरली की पुढे मालकाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी मालमत्ता येणार होती. सगळा खेळ त्या दहा वर्षांत पाय रोवून उभं राहण्याचा होता.

बसस्थानकावरच्या उपाहारगृहाचा ठेका कसा असतो ते आठवलं तर हे चटकन समजतं. जागा महामंडळाची, वर्दळ महामंडळाच्या गाड्यांची, ठेकेदार दरवर्षी रक्कम भरतो, आपली पाटी लावतो, आपली माणसं ठेवतो आणि अटी मोडल्या तर ठेका जातो. आयपीएलच्या संघमालकाकडेही मैदान नसतं, ते सामन्यांपुरतं राज्य संघटनेकडून भाड्याने घेतात. स्पर्धा त्याची नसते. खेळाडू ठरावीक मुदतीच्या कराराने बांधलेले असतात. त्याच्याकडे उरतो तो फक्त त्या शहराच्या नावाने संघ उतरवण्याचा हक्क, आणि हा हक्क करारातल्या प्रत्येक अटीवर टांगलेला असतो.

पैसा येतो कुठून? मोठा भाग मंडळाकडून येतो. दूरचित्रवाणीवरच्या प्रक्षेपणाचे हक्क मंडळ एकगठ्ठा विकतं. २००८ मध्ये सोनी आणि वर्ल्ड स्पोर्ट ग्रुप यांच्याशी दहा वर्षांचा करार झाला, तो एक अब्ज डॉलरच्या वरचा होता. स्पर्धेच्या नावाआधी आपलं नाव लावण्यासाठी डीएलएफ कंपनीने पाच वर्षांचे २०० कोटी रुपये दिले. या रकमांतून मंडळ आपला हिस्सा काढून उरलेलं संघांत वाटतं. त्याशिवाय गणवेशावरच्या जाहिराती, तिकीटविक्री आणि थोडीफार बक्षिसं ही संघाची स्वतःची कमाई. खर्चाच्या बाजूला वार्षिक हप्ता, खेळाडूंचं मानधन, मैदानाचं भाडं, प्रवास, हॉटेलं. पहिल्या वर्षांत हे पारडं बहुतेक संघांचं तोट्याकडेच झुकलेलं होतं. मालकाचा मूळ धंदा भक्कम असेल तर तो हा तोटा पोटात घालू शकतो. मूळ धंदाच कर्जावर उभा असेल तर संघ त्या कर्जात ओढला जातो. चार्जर्सचं शेवटी हेच झालं, पण त्याआधी मैदानावर बरंच काही घडलं.

२० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत खेळाडूंचा पहिला लिलाव झाला. प्रत्येक संघाला खेळाडूंवर ५० लाख डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा होती. काही शहरांना त्यांचा लाडका खेळाडू लिलावाबाहेर राखून दिला होता, मुंबईला सचिन तेंडुलकर, कोलकात्याला सौरव गांगुली, बेंगळुरूला राहुल द्रविड. त्यांना ‘आयकॉन’ म्हणत. अशा खेळाडूला संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यावे लागत आणि ते पैसे त्याच ५० लाखांतून जात. हैदराबादसाठी हा मान व्ही. व्ही. एस. लक्ष्मणचा होता. त्याने तो नाकारला. आपल्यावर जाणारे पैसे वाचले तर संघाला आणखी चांगले खेळाडू घेता येतील, हा त्यामागचा हिशेब. त्याला पुढे मिळाले पावणेचार लाख डॉलर. त्याच संघाने अँड्र्यू सायमंड्सवर साडेतेरा लाख डॉलर लावले, त्या दिवशीची ती महेंद्रसिंग धोनीनंतरची सर्वांत मोठी बोली होती. लक्ष्मणने मान घेतला असता तर त्याला सायमंड्सपेक्षाही जास्त मिळाले असते. आयपीएलच्या सगळ्या कोटींच्या आकड्यांत मला ही एकच रक्कम खऱ्या अर्थाने मोठी वाटते, जी घेतली गेली नाही ती.

वाचलेल्या पैशांत संघ भारी झाला. अ‍ॅडम गिलख्रिस्ट सात लाख डॉलर, हर्शेल गिब्ज पावणेसहा लाख, शाहिद आफ्रिदी पावणेसात लाख, आर. पी. सिंग पावणेनऊ लाख. वीस वर्षांच्या रोहित शर्मासाठी साडेसात लाख डॉलर मोजले गेले. रोहितचा जन्म नागपुरातल्या बनसोडचा, क्रिकेट मुंबईचं आणि पहिली आयपीएल हैदराबादची. जोडीला हैदराबादकडून खेळणारा डावखुरा फिरकीपटू प्रग्यान ओझा, विशाखापट्टणमचा वेणुगोपाल राव, अशी आजूबाजूची मुलं होती. संघात स्थानिक खेळाडू घ्यावेत, असा तेव्हा नियम होता. परदेशी तारे आणि घरची मुलं यांचं मिश्रण सगळ्याच संघांत होतं, पण कागदावर एवढा दणकट संघ क्वचितच कुणाचा असेल.

आणि हा संघ पहिल्या हंगामात तळाला गेला. १४ सामन्यांत २ विजय. दोन्ही विजय परक्या मैदानावरचे. त्यातला एक २७ एप्रिल २००८ चा, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई इंडियन्सविरुद्धचा. गिलख्रिस्टने ४२ चेंडूंत शतक ठोकलं आणि ४७ चेंडूंत नाबाद १०९ करून सामना एकहाती संपवला. त्याच्या तीनच दिवस आधी सायमंड्सने उप्पलला राजस्थानविरुद्ध ५३ चेंडूंत नाबाद ११७ केल्या होत्या आणि तरी सामना गेला होता. हैदराबादच्या उप्पल भागातल्या राजीव गांधी स्टेडियमवर सात सामने झाले, सातही हरले. लक्ष्मणला दुखापत झाली आणि कर्णधारपद गिलख्रिस्टकडे आलं.

दुसऱ्या हंगामाआधी बदल झाले ते मोजके. डॅरेन लेहमन प्रशिक्षक म्हणून आला. गिलख्रिस्ट पूर्णवेळ कर्णधार झाला. आणि एक बदल कुणाच्याच हातात नव्हता. लोकसभा निवडणुकांमुळे सुरक्षेची व्यवस्था होईना, म्हणून अख्खी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत हलवली गेली. तिथल्या खेळपट्ट्यांवर चेंडू उसळतो, बॅटवर येतो. गिलख्रिस्ट, गिब्ज, सायमंड्स आणि वेस्ट इंडिजचा तेज गोलंदाज फिडेल एडवर्ड्स यांना हे वातावरण मानवणारं होतं. घरच्या प्रेक्षकांसमोर सात वेळा हरलेल्या संघाला घरापासून दूर जाणं फळलं असं म्हणावं लागतं. पहिले चार सामने त्याने सलग जिंकले.

या हंगामातला रोहित शर्मा आज पुष्कळांना आठवत नाही. ६ मे रोजी सेंच्युरियनला त्याने हॅटट्रिक घेतली, तीही मुंबई इंडियन्सविरुद्ध. अभिषेक नायर, हरभजन सिंग आणि जे. पी. ड्युमिनी असे तीन गडी त्याच्या ऑफस्पिनने लागोपाठ टिपले आणि ६ धावांत ४ बळी अशी त्याची नोंद झाली. दहा दिवसांनी कोलकात्याविरुद्ध शेवटच्या षटकात २१ धावा हव्या असताना त्याने मश्रफी मुर्तझाला २६ काढल्या, शेवटच्या चेंडूवर षटकार मारून.

साखळीत संघ चौथा आला, म्हणजे उपांत्य फेरीत कसाबसा शिरला. समोर गुणतक्त्यात पहिली आलेली दिल्ली. दिल्लीच्या धावसंख्येचा पाठलाग करताना गिलख्रिस्टने १७ चेंडूंत अर्धशतक केलं, ३५ चेंडूंत ८५ काढल्या आणि सामना तिथेच निकालात निघाला.

२४ मे २००९, जोहान्सबर्गचं वाँडरर्स मैदान, अंतिम सामना बेंगळुरूशी. बेंगळुरूचा कर्णधार अनिल कुंबळे याने पहिलं षटक स्वतः टाकलं आणि त्यातच गिलख्रिस्टला शून्यावर बाद केलं. सगळा हंगाम ज्याच्या जोरावर काढला तो गेला, तेव्हा गिब्जने आपला नेहमीचा दांडपट्टा म्यान केला. तो ४८ चेंडूंत ५३ धावांवर नाबाद राहिला. वीस षटकांच्या सामन्यात ही गती संथ म्हणता येईल, पण दुसऱ्या टोकाला गडी पडत असताना तो एक बाजू धरून राहिला म्हणून धावा ६ बाद १४३ पर्यंत गेल्या. सायमंड्सने २१ चेंडूंत ३३ जोडल्या. कुंबळेने चार षटकांत १६ धावांत ४ गडी घेतले.

१४४ हे काही अवघड लक्ष्य नव्हतं. पण ओझाने तीन गडी घेतले आणि मग सायमंड्सने ऑफस्पिन टाकत लागोपाठच्या दोन चेंडूंवर रॉस टेलर आणि विराट कोहली यांना काढलं. कोहली पुढे सरसावला, चुकला आणि यष्ट्यांमागे गिलख्रिस्टने काम केलं. शेवटच्या षटकात बेंगळुरूला १५ हव्या होत्या. चेंडू आर. पी. सिंगच्या हातात. त्याने ८ दिल्या. बेंगळुरू ९ बाद १३७, चार्जर्स ६ धावांनी विजयी. सामनावीराचा पुरस्कार हरलेल्या बाजूच्या कुंबळेला मिळाला, मालिकावीर गिलख्रिस्ट झाला, आणि हंगामातले सर्वाधिक २३ बळी आर. पी. सिंगच्या नावावर लागले. घरच्या मैदानावर एकही सामना न जिंकलेला संघ आयपीएलचा विजेता झाला.

करंडक घेऊन संघ परत आला, पण घर मात्र मिळालं नाही. २९ नोव्हेंबर २००९ रोजी के. चंद्रशेखर राव यांनी वेगळ्या तेलंगणासाठी उपोषण सुरू केलं. ९ डिसेंबरच्या रात्री केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी राज्यनिर्मितीची प्रक्रिया सुरू होईल असं जाहीर केलं, नंतर केंद्राने पाऊल मागे घेतलं आणि आंदोलन पेटलं. बंद, रास्ता रोको, विद्यापीठातली आंदोलनं यांत हैदराबादला सामने घेणं आयोजकांना जोखमीचं वाटलं. गतविजेत्या संघाचे २०१० चे घरचे सामने नवी मुंबई, कटक आणि नागपूर यांच्यात वाटले गेले.

आदिलाबाद जिल्ह्याच्या बाजूने हे बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. हा जिल्हा जुन्या हैदराबाद संस्थानातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्यात गेले, बाकीचा आंध्र प्रदेशात राहिला. तेलुगू, मराठी, गोंडी, बंजारा अशा चारी बोली इथल्या बाजारात ऐकू येतात, आणि दवाखान्यासाठी वा खरेदीसाठी नागपूरची वाट धरणारी माणसं इथे जितकी तितकीच हैदराबादची वाट धरणारी. आंदोलनात हा जिल्हाही होताच. त्यामुळे २०१० च्या एप्रिलमध्ये जामठ्यावर चार्जर्सचे तीन सामने झाले तेव्हा इथल्या माणसाला आपला संघ परका झाला असं वाटायचं कारण नव्हतं, तो रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होता इतकंच. पण खुद्द हैदराबादच्या प्रेक्षकांसाठी सलग दोन हंगाम संघ फक्त दूरचित्रवाणीवर राहिला. जामठ्याचा पहिला सामना राजस्थानने दोन धावांनी जिंकला, पुढचे दोन, चेन्नई आणि बेंगळुरूविरुद्धचे, चार्जर्सने. त्या वर्षीही संघ उपांत्य फेरीत गेला. तिथे चेन्नईने त्याला हरवलं. ओझा २१ बळी घेऊन हंगामातला अव्वल गोलंदाज ठरला.

इथे तिकिटांच्या हिशेबाचाही विचार करायला हवा. संघाला प्रेक्षक मिळतात ते हंगामागून हंगाम त्याच खुर्च्यांवर बसून. बाप मुलाला घेऊन जातो, पुढच्या वर्षी मुलगा मित्रांना घेऊन जातो. गणवेशाच्या प्रती विकल्या जातात, शहरातले दुकानदार जाहिराती देतात. चेन्नई, मुंबई, कोलकाता यांनी त्या काळात हेच पीक पेरलं. चार्जर्सची पेरणीची दोन वर्षं, त्यातही जेतेपदानंतरचं वर्ष, परगावी गेली. माझ्या मते या संघाच्या अल्पायुष्याचं हे दुसरं मोठं कारण आहे, आणि त्यात संघाचा किंवा आंदोलकांचा दोष नव्हता.

तिसरा धक्का नियमाचा होता. खेळाडूंचे पहिले करार तीन वर्षांचे होते. ते संपल्यावर ८ आणि ९ जानेवारी २०११ ला नव्याने लिलाव झाला. प्रत्येक जुन्या संघाला चार खेळाडू आधीच राखून ठेवता येत होते. मुंबई आणि चेन्नईने चारही राखले. चार्जर्सने एकही राखला नाही. गिलख्रिस्ट पंजाबला गेला, सायमंड्स मुंबईला, रोहित वीस लाख डॉलरला मुंबईकडेच. एकही खेळाडू न राखल्याने लिलावासाठी पैसे भरपूर हाती राहिले, आणि त्यातून कुमार संगकारा, डेल स्टेन, कॅमेरून व्हाइट, शिखर धवन, अमित मिश्रा, इशांत शर्मा असा नवा संघ उभा राहिला. कागदावर हाही भक्कम. पण २००९ च्या विजयाशी प्रेक्षकाचं जे नातं होतं ते या चेहऱ्यांशी नव्हतं. मुंबई इंडियन्सची नंतरची पाच जेतेपदं रोहितच्या कर्णधारपदाखाली आली, हे आठवलं की त्या दिवशीचा निर्णय फारच महागात पडला असं वाटतं.

१४ एप्रिल २०११ रोजी चार्जर्सने उप्पलला बेंगळुरूला ३३ धावांनी हरवलं. घरच्या मैदानावरचा त्यांचा हा पहिला विजय, संघ जन्मल्यानंतर तीन वर्षांनी आणि विजेता झाल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. त्या हंगामात संघ दहांत सातवा आला. इशांतने कोचीत १२ धावांत ५ गडी घेऊन कोची टस्कर्सला ७४ वर गुंडाळलं, ही त्यातली ठळक आठवण. २०१२ मध्ये नऊ संघांत आठवा क्रमांक. धवनने त्या वर्षी ५६९ धावा केल्या, स्टेनची गोलंदाजी जगात कुठेही बघण्यासारखी होती, तरी सामने हातून निसटत राहिले. घरचे सामने पुन्हा हैदराबाद, विशाखापट्टणम आणि कटक असे विखुरलेले होते. २० मे २०१२ ला उप्पलला बेंगळुरूशी गाठ पडली. चार्जर्स स्पर्धेबाहेर गेलेले, बेंगळुरूला पुढे जायला विजय हवा होता. स्टेनने ८ धावांत ३ गडी घेतले, चार्जर्स ९ धावांनी जिंकले आणि बेंगळुरू बाहेर पडलं. हा त्यांचा शेवटचा सामना ठरला.

आता कागदांकडे. मूळ कंपनी डेक्कन क्रॉनिकल होल्डिंग्ज कर्जात बुडत चालली होती. खेळाडूंचं मानधन थकलं. संघाचा हक्क बँकांकडे तारण ठेवला गेल्याचं उघड झालं, आणि मंडळाच्या मते हा कराराचा भंग होता. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मंडळाने नोटीस दिली. अशा नोटिशीनंतर चुका दुरुस्त करायला तीस दिवस मिळतात, अशी करारात तरतूद होती. कंपनीने या मुदतीत संघ विकून कर्जाचं ओझं कमी करायचं ठरवलं आणि १३ सप्टेंबरला चेन्नईत लिलाव ठेवला. आलेली बोली एकच, पीव्हीपी व्हेंचर्स या कंपनीची ९०० कोटींची. त्यातल्या अटी विकणाऱ्याला पटल्या नाहीत, व्यवहार फिसकटला. दुसऱ्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, मंडळाने करार रद्द केल्याचं जाहीर केलं.

तारखा पुन्हा पाहाव्यात. १६ ऑगस्टपासून तीस दिवस १५ सप्टेंबरला पुरे होत होते. रद्द करण्याचं पत्र १४ ला निघालं. हा एक दिवस पुढे हजारो कोटींच्या वादाचा मुद्दा झाला.

कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. निवृत्त न्यायमूर्ती सी. के. ठक्कर यांची लवाद म्हणून नेमणूक झाली. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला, कोर्टाबाहेर बसून निवाडा करणारा पंच. संघ तूर्त वाचवायचा असेल तर कंपनीने १०० कोटी रुपयांची बँक हमी द्यावी, अशी अट न्यायालयाने घातली. बँक हमीत रोख पैसा लगेच हलत नाही. बँक लेखी देते की या माणसाने देणं चुकवलं तर आम्ही भरू. पण ज्याच्यावर आधीच बँकांची मोठी कर्जं थकली आहेत त्याच्यासाठी दुसरी कुठली बँक असं लिहून देईल? मुदत वाढवून मिळाली, मुंबईतल्या एका बांधकाम कंपनीला संघ विकण्याची शेवटची धडपडही झाली, पण हमी काही आली नाही. ऑक्टोबरच्या मध्यात कोर्टातले दरवाजेही बंद झाले आणि २५ ऑक्टोबर २०१२ ला मंडळाने हैदराबादचा हक्क सन टीव्ही नेटवर्कला दिल्याचं जाहीर केलं. नव्या संघाचं नाव सनरायझर्स हैदराबाद.

सन टीव्हीची बोली होती वर्षाला ८५ कोटी ५ लाख रुपये. आता सुरुवातीचा ४२ कोटींचा आकडा शेजारी ठेवा. पाच वर्षांत त्याच शहराच्या हक्काची किंमत दुप्पट झाली होती. म्हणजे हैदराबादेत क्रिकेट चालत नाही, संघाला भाव नाही, असं मुळीच नव्हतं. भाव होता, तो वाढतही होता, पण तो वसूल व्हायला लागेपर्यंत थांबायला मालकाकडे दम उरला नव्हता. स्टेन, धवन, संगकारा, मिश्रा नव्या संघात गेले. संगकारा नव्या संघाचा पहिला कर्णधार झाला. चार्जर्सचा पहिला कर्णधार लक्ष्मण इथे मार्गदर्शक म्हणून आला. सनरायझर्सने पहिल्याच वर्षी बाद फेरी गाठली आणि २०१६ मध्ये डेव्हिड वॉर्नरच्या नेतृत्वाखाली जेतेपद मिळवलं.

लवादाचं काम मात्र वर्षानुवर्षं चाललं. जुलै २०२० मध्ये निवाडा आला. करार रद्द करणं बेकायदा होतं, मंडळाने कंपनीला सुमारे ४,८०० कोटी रुपये आणि त्यावर व्याज द्यावं. मंडळाने त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १६ जून २०२१ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो निवाडा जवळजवळ पूर्ण रद्द केला. कंपनी तोवर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली होती.

अशा रीतीने मोडलेला हा एकटाच संघ नाही. कोची टस्कर्स २०११ चा एकच हंगाम खेळला आणि बँक हमी न दिल्यामुळे बाद झाला. सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरला घेतलेला पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ असे तीन हंगाम खेळला. रायझिंग पुणे सुपरजायंट तर जन्मतानाच दोन वर्षांचा होता. चेन्नई आणि राजस्थान यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली, त्या रिकाम्या जागेपुरता तो संघ काढला होता. २०१७ चा अंतिम सामना तो मुंबईकडून एका धावेने हरला, आणि तोही उप्पलच्या मैदानावर. या सगळ्यांत जेतेपद मिळवून मोडलेला संघ चार्जर्स तेवढाच.

२००९ चं जेतेपद सनरायझर्सच्या खात्यात येत नाही. करार वेगळा, मालक वेगळा, म्हणून नोंदही वेगळी. विजेत्यांच्या यादीत डेक्कन चार्जर्स हे नाव आज कुणाच्याही मालकीचं नसताना उभं आहे. मला ही नोंदीची पद्धत अन्यायाची वाटते. हक्क विकत घेताना कंपनीने शहर घेतलं होतं, आणि ते शहर, ते मैदान, तो प्रेक्षक २०१२ नंतरही तिथेच आहे. वाँडरर्सवर चेंडू टाकणारा ओझा हैदराबादच्या मैदानांवर घडलेला होता. हैदराबाद दोनदा विजेतं झालं, असं लिहायला नोंदवहीत एखादी ओळ असायला हवी होती.

तेलंगण राज्य २ जून २०१४ ला झालं, ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, नेरडीगोंडा आदिलाबादेत राहिलं. इथल्या एखाद्या मुलाला मोठं क्रिकेट खेळायचं असेल तर त्याची वाट चार्जर्स असतानाही हीच होती आणि आजही हीच आहे, जिल्ह्याचा संघ, मग हैदराबादेतली लीग, मग रणजीची निवड. आयपीएलचे हेर रणजी आणि राज्यांच्या वीस षटकांच्या स्पर्धांतच मुलं हेरतात. जिल्ह्यात एक बरी खेळपट्टी आणि वर्षभर येणारा एक प्रशिक्षक यांना लागणारा पैसा साडेतेरा लाख डॉलरच्या एका बोलीपुढे नगण्य आहे, आणि तो कुठल्याच संघमालकाच्या करारात लिहिलेला नसतो.